‘पत्र पावले, मजकूर कळला’ : कार्यालयीन संदेशगद्याचे एक परीक्षण

१

मराठी गद्याचा विचार करू लागलो म्हणजे आपली दृष्टी प्रथम महानुभावांच्या चरित्रग्रंथांकडे, नंतर बखरींकडे आणि त्यानंतर एकोणिसाव्या शतकातील निबंधाकडे जाते. पत्राकडे आपण वळतो ते बहुधा इतिहासाचे साधन म्हणून. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पानिपतपूर्व दशकातील पत्रे त्यामुळे अभ्यासकांपुढे आली आणि त्यांच्यातील बातमीची चर्चा पुष्कळ झाली. परंतु काम करवून घेण्यासाठी लिहिलेल्या गद्याचा एक घडीव प्रकार म्हणून त्या पत्रांची चिकित्सा त्या मानाने थोडी झाली आहे.

आज तेच काम दुसऱ्या साधनांनी चालते. कचेरी, महाविद्यालय, बँक, पेढी, कारखाना, कोठेही पाहिले तरी दिवसाचे बरेचसे लेखन भ्रमणध्वनीवरील संदेशांत होते आणि बरेचसे बोलणे दूरदृश्य बैठकीत होते. व्हॉट्सॲप २००९ मध्ये आले, झूमची सेवा २०१३ मध्ये सुरू झाली, टीम्स २०१७ मध्ये आले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी होताच ही साधने सोय न राहता कार्यालयाची जागाच होऊन बसली. झूमच्याच निवेदनानुसार डिसेंबर २०१९ मध्ये त्याच्या बैठकींत दररोज सहभागी होणाऱ्यांचा आकडा फार तर १ कोटी होता. मार्च २०२० मध्ये तो २० कोटींवर गेला. एवढ्या मोठ्या प्रमाणावर जे लिहिले व बोलले जाते त्याला स्वतःचे गद्य असणारच. त्या गद्याचे गुणदोष तपासण्याचा हा अल्प प्रयत्न आहे. लेखनात ज्याला कलाहेतू नाही त्याची समीक्षा कशी करावी, ही शंका येथे फारशी अडचणीची नाही. कामकाजाच्या गद्याचा हेतू काम हाच असतो. तो हेतू रूपाने साधतो की रूपामुळेच बिघडतो, एवढे पाहणे समीक्षकाच्या अधिकारात येते.

२

जुन्या पत्राच्या रूपाकडे प्रथम पाहू. आरंभी मायना असे. ‘राजश्री’, ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’ यांपैकी योग्य ती पदवी, मग दंडवत, नमस्कार किंवा आशीर्वाद आणि त्यानंतर ‘विनंती उपरी’. आजच्या वाचकाला हा सारा भाग शोभेचा वाटतो. परंतु पत्र कोणी, कोणाला आणि कोणत्या नात्याने लिहिले आहे, हे त्या दोन ओळींत निश्चित होई. पुढील मजकूर विनंती म्हणून वाचावयाचा की आज्ञा म्हणून, हेही तेथेच ठरे.

मायन्यामागोमाग पुष्कळदा पोहोच येई : आपण पाठविलेले पत्र पावले, मजकूर कळला. या दोन क्रियापदांकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे, कारण प्रस्तुत निबंधाचा सारा विचार त्यांच्यातील अंतरावर उभा आहे. ‘पावले’ हे जासुदाच्या कामाविषयी आहे. कागद एका हातातून दुसऱ्या हातात गेला. ‘कळला’ हे वाचणाऱ्याच्या मनाविषयी आहे. त्याने मजकूर समजून घेतला आणि आता त्याची जबाबदारी त्याच्याकडे आली. पहिल्यावरून दुसरे गृहीत धरता येत नाही, हे जुन्या चिटणिसांना पक्के ठाऊक होते. म्हणून ते दोन्ही लिहीत.

शेवटी समाप्ती. शिवकालीन पत्रांत शिरोभागी मुख्य मुद्रा आणि अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मर्यादामुद्रा आढळते. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, हा तिचा अर्थ. म्हणजे आरंभ, पोहोच आणि मर्यादा या तिन्ही गोष्टींना पत्रात ठरलेली जागा होती आणि प्रत्येकीकडे काही काम होते.

पुढे इंग्रजी अमदानीत कचेरीची नस्ती आली आणि राज्यस्थापनेनंतर तिचे मराठीकरण झाले. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ मध्ये महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला. या गद्यावर रुक्षतेचा आरोप नेहमी होतो आणि तो खोटा नाही. तथापि ‘माहितीस्तव’, ‘मान्यतेस्तव’ आणि ‘आदेशार्थ सादर’ या तीन शेऱ्यांत केवढी व्यवस्था आहे ते पाहावे. वाचणाऱ्याने केवळ जाणून घ्यावयाचे आहे, संमती द्यावयाची आहे, की निर्णय करावयाचा आहे, हे लिहिणाराच सांगतो. कागद बारनिशीत नोंदला जातो, आवक-जावक क्रमांक पडतो आणि कोणत्या कार्यासनावर तो किती दिवस पडून राहिला हेही कळते.

३

आता आजचा संदेश घेऊ. त्याच्याविषयी आपण जे क्रियापद वापरतो तेच बोलके आहे. पत्र आपण ‘पाठवितो’. संदेश ‘ग्रुपवर टाकतो’. ‘पाठविणे’ या क्रियेला संप्रदान लागते. कोणाला, हा प्रश्न उत्तरावाचून राहिला तर वाक्य अपुरे वाटते. ‘टाकणे’ या क्रियेला स्थळ पुरते. टाकणाऱ्याचे काम टाकल्याबरोबर संपते. उचलणारा कोण, याचा विचार त्या क्रियापदात नाही. ‘मी तर कालच ग्रुपवर टाकले होते’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. त्यातील दोष नैतिक आहे : बोलणाऱ्याने आपली सुटका करून घेतली आहे आणि ती कोणाच्या जिवावर करून घेतली हे सांगितलेले नाही.

दुसरी गोष्ट पोहोचेची. तिचे काम यंत्राने आपल्याकडे घेतले आहे. व्हॉट्सॲपमध्ये २०१४ च्या अखेरीपासून संदेश उघडला गेला की बरोबरच्या दोन खुणा निळ्या होतात. गटात मात्र सर्व सभासदांनी तो उघडल्यावरच त्या निळ्या दिसतात. खासगी संभाषणात ही खूण बंद ठेवता येते. गटात ती बंद करता येत नाही. या खुणेला न्यायालयातही मान मिळाला आहे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवरून बजावलेली नोटीस पोहोचल्याचे मान्य केले, कारण ती मिळाली एवढेच नव्हे तर सोबतचा कागदही उघडला गेला, असे त्या खुणांवरून दिसत होते. नोटीस बजावण्यापुरते हे योग्यच आहे. तेथे प्रश्न ‘पावले’ एवढाच असतो.

कामकाजात तो तेवढाच नसतो. निळी खूण ‘पावले’ म्हणून सांगते आणि आपण ती ‘कळला’ म्हणून वाचतो. इतकेच नव्हे, तर पुष्कळदा ‘करतो’ असे वाचतो. कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात २०२३ मध्ये यावरच एक वाद न्यायालयात गेला. धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने जवसाच्या खरेदीचा करार शेतकऱ्याकडे भ्रमणध्वनीवरून पाठविला. शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठ्याचे चिन्ह पाठविले. माल पोहोचला नाही. करार मिळाला एवढेच आपण कळविले, असे शेतकऱ्याचे म्हणणे. त्याने करार मान्य केला, असे कंपनीचे. उभयतांचा पूर्वीचा व्यवहार पाहून न्यायालयाने कंपनीचे म्हणणे ग्राह्य धरले आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरांची भरपाई ठरविली. वरिष्ठ न्यायालयानेही २०२४ मध्ये हा निर्णय कायम केला. ‘पावले’ आणि ‘मान्य’ यांच्यामधील अंतर लोपले म्हणजे त्याची किंमत केवढी होऊ शकते, याचा हा जाहीर दाखला होय.

मराठीत हा घोटाळा अधिक सहज होतो, कारण आपला ‘हो’ दोन्ही अर्थांचा आहे. ‘हो’ म्हणजे ऐकले. ‘हो’ म्हणजे करतो. समोरासमोर बोलताना स्वर, मान आणि नजर यांवरून अर्थ निवडला जातो. लिहिलेल्या ‘हो’ला यांपैकी काहीच नसते.

प्रस्तुत लेखकाच्या प्रत्यक्ष पाहण्यातील एक प्रसंग येथे नमूद करतो. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. विभागाच्या गटावर रात्री नऊच्या सुमारास प्रमुखांचा संदेश आला : ‘उद्या यादी गेली पाहिजे.’ गटात आम्ही आठजण होतो. खुणा निळ्या झाल्या. तिघांनी अंगठा दर्शविला. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या एका तरुण अध्यापिकेने लिहिले, ‘हो सर.’ दुसऱ्या दिवशी यादी गेली नाही. प्रमुखांनी चौकशी केली तेव्हा सर्वांची बोटे त्या दोन शब्दांकडे वळली. तिचे म्हणणे असे की वडीलधाऱ्यांनी काही लिहिले असता गप्प राहणे बरे दिसत नाही म्हणून तिने ‘हो’ म्हटले. यादी तिच्याकडे नव्हतीच, ती कोठे असते हेही तिला माहीत नव्हते. अंगठा दर्शविणाऱ्या तिघांना कोणी काही विचारले नाही. मीही त्या आठांपैकी एक होतो, संदेश मीही वाचला होता आणि त्या दिवशी मीही बोललो नाही. पुढील सत्रात त्या अध्यापिकेला तासिका मिळाल्या नाहीत. कारण केवळ हेच होते असे मी म्हणणार नाही. परंतु त्या बैठकीत तिच्याविषयी ‘हो म्हणते आणि करीत नाही’ असे जे बोलले गेले, ते खोडून काढण्यास कोणी पुढे झाले नाही.

त्या संदेशाची वाक्यरचना तपासावी. ‘यादी गेली पाहिजे.’ कर्ता यादी आहे. पाठविणारा कोण, ते वाक्यात नाही; कोणती यादी, कोठे, किती वाजेपर्यंत, हेही नाही. जुन्या पत्रातील ‘लिहून पाठविणे’ या रूपातही कर्ता लिहिलेला नसे, पण मायन्याने तो आधीच ठरविलेला असे. मायना गेला आणि कर्ता ठरविण्याची जागाच गेली. संदिग्ध वाक्याचा अर्थ कोणीतरी लावावाच लागतो. तो लावण्याचा भार आणि चुकल्यास दोष, ही दोन्ही गटातील सर्वांत दुबळ्या माणसाकडे वाहत जातात. प्रस्तुत गद्याविरुद्ध माझा मुख्य आक्षेप हा आहे.

४

येथे दुसरी बाजू मांडणे न्यायाचे ठरेल. जुन्या मायन्यात उतरंड होती. पदव्यांच्या लांबीने माणसाची पायरी मोजली जाई. नस्तीच्या गद्यातही पळवाटा पुष्कळ होत्या. ‘करण्यात यावे’ या प्रयोगाने किती कर्ते लपले असतील याची गणती नाही. आणि ‘चर्चा करावी’ हा शेरा मारून किती निर्णय टळले, हे कोणताही कार्यासन अधिकारी सांगू शकेल.

संदेशगद्याने या दोहोंनाही धक्का दिला. शिपाई आणि संचालक एकाच गटात एकाच ओळीत लिहितात. ‘उपरोक्त’ आणि ‘सदरहू’ यांच्या धाकाने ज्यांनी कधी लेखणी उचलली नसती, ती माणसे आज कामाविषयी लिहीत आहेत आणि आपल्या बोलीत लिहीत आहेत. अमरावतीकडील कर्मचारी वऱ्हाडी वळणाने लिहितो, कुडाळचा मालवणीत एखादे वाक्य टाकतो आणि काम अडत नाही. छायाचित्रासह ‘पाइप फुटला, पाणी बंद केले’ एवढा संदेश पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्याने टाकला, तर त्यात कर्मही आहे, क्रियाही आहे आणि पुरावाही आहे. हे उत्तम कामकाजी गद्य होय. कोणत्याही टिप्पणीने ते अधिक चांगले होणार नाही. तेव्हा माझा आक्षेप संक्षेपाला नाही, अनौपचारिकतेलाही नाही. औपचारिकतेबरोबर तिने वाहिलेले कामही टाकून दिले गेले, एवढाच तो आहे.

५

दूरदृश्य बैठकीकडे वळले असता निराळेच चित्र दिसते. संदेशाने मायना टाकला. बैठकीने स्वतःचा नवा मायना निर्माण केला. ‘आवाज येतोय का?’, ‘मी दिसतोय ना?’, ‘सर, आपण म्यूटवर आहात’ या वाक्यांवाचून एकही बैठक सुरू होत नाही. मॅलिनोव्हस्की यांनी १९२३ मध्ये, केवळ संबंध जोडण्यासाठी होणाऱ्या बोलण्याकडे लक्ष वेधले होते. याकोबसन यांनी १९६० मध्ये संपर्क चालू आहे की नाही हे तपासणे हे भाषेचे एक स्वतंत्र कार्य मानले. बैठकीतील ही वाक्ये त्या कार्याची शुद्ध उदाहरणे आहेत. फरक एवढाच की ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ यात माणसाची विचारपूस होती. येथे विचारपूस तारेची आहे.

या बैठकींनी येणारा थकवा कल्पित नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ च्या आपल्या लेखात त्याची चार कारणे मांडली : अनेक चेहरे अतिनिकट व सतत आपल्याकडे पाहत असल्याचा भास, स्वतःचा चेहरा अखंड डोळ्यांपुढे असणे, शरीराची हालचाल खुंटणे, आणि खाणाखुणा पोहोचविण्यास व ओळखण्यास लागणारे जादा श्रम. यांतील चौथे कारण आपल्या विषयाला लागून आहे. खोलीत बसलेल्या आठजणांत कोण बोलण्याच्या बेतात आहे हे श्वासावरून, पुढे सरकण्यावरून कळते. पडद्यावर ते कळत नाही. दोघे एकदम बोलतात, दोघेही थांबतात आणि अखेर ज्याचा हुद्दा मोठा तो बोलतो. ‘कोणाला काही अडचण?’ असे विचारल्यावर जी शांतता पसरते ती संमती असते, संकोच असतो, की जोडणीच तुटलेली असते, हे सांगता येत नाही. आणि इतिवृत्तात मात्र ती ‘सर्वानुमते’ म्हणून उतरते.

इतिवृत्ताविषयी दोन शब्द. हल्ली बैठक संपताच यंत्र तिचा सारांश तयार करून देते. मराठी-इंग्रजी मिश्रित बोलणे त्याला पुष्कळदा नीट झेपत नाही, पण ती उणीव कालांतराने भरून निघेल. खरा प्रश्न दुसरा आहे. आपल्या सभांच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिला विषय असतो, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ लिहिणे आणि कायम करणे या येथेही दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली यंत्राने केली तरी चालेल. दुसरी, म्हणजे ‘होय, आम्ही हेच ठरविले’ असे म्हणणे, माणसांचीच आहे. सारांश आपोआप सर्वांच्या टपालात पडतो म्हणून तो कायम झाला असे मानणे म्हणजे पुन्हा ‘पावले’ला ‘कळला’ समजणे होय.

६

दफ्तर आणि मर्यादा या दोन बाबी राहिल्या. पेशवे दफ्तराचे रुमाल पुण्याच्या पुरालेखागारात आजही आहेत. ती पत्रे लिहिणाऱ्यांनी भावी संशोधकांचा विचार केला नव्हता, पण कागद राहिला. संदेशाचे तसे नाही. स्लॅक या साधनाच्या नावाचाच इंग्रजीतील विस्तार ‘सर्व संभाषण व ज्ञान यांची शोधता येणारी नोंद’ अशा अर्थाचा आहे. परंतु २०२२ पासून ते विनामूल्य वापरणाऱ्यांस मागील ९० दिवसांचाच मजकूर दिसू लागला. व्हॉट्सॲपवर २०१७ पासून पाठविलेला संदेश सर्वांच्या पडद्यावरून मागे घेता येऊ लागला, २०२० मध्ये आपोआप नाहीसे होणारे संदेश आले, २०२३ मध्ये पंधरा मिनिटांच्या आत मजकूर बदलण्याची सोय झाली. बदल झाल्याची खूण राहते. पूर्वी काय होते ते दिसत नाही. नस्तीत खाडाखोड केली तर तिच्याशेजारी आद्याक्षरी करावी लागे, आणि खोडलेले वाचताही येई. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमात ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेलचाही समावेश आहे, पण अधिकाऱ्याच्या खासगी भ्रमणध्वनीवर दिलेला तोंडी वजनाचा आदेश नस्तीत आलाच नाही, तर नागरिकाने मागावे काय आणि कोठून? वर सांगितलेल्या प्रसंगातील तो संदेशही काही महिन्यांनी मी शोधला तेव्हा गटावर नव्हता. ‘हो सर’ तेवढे होते.

मर्यादेची गोष्ट याहून साधी आहे. पत्राला जासूद लागे, पुढे टपाल लागले. दोन पत्रांच्या मध्ये काळ जाई आणि तो काळ माणसाचा स्वतःचा असे. संदेशाने तो काळच काढून घेतला. रात्री नऊ वाजता आलेला ‘उद्या’ हा शब्द घरात शिरतो आणि निळी खूण होताच वाचणारा बांधला जातो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क कायद्याने मान्य झाला; पोर्तुगालने २०२१ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये तशीच पावले उचलली. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी याच आशयाचे २०१८ चे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झाला नाही. हे कायदे म्हणजे एका अर्थी मर्यादामुद्रेचेच पुनरागमन आहे. पूर्वी ती पत्राच्या शेवटी उमटत असे. आता ती दिवसाच्या शेवटी उमटवावी लागत आहे.

७

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. नवे संदेशगद्य जुन्यापेक्षा गरीब नाही. ते अधिक माणसांचे आहे, आणि ही त्याची मोठी कमाई आहे. त्याची उणीव एकाच ठिकाणी आहे. पोहोचविण्याचे काम यंत्राने इतके अचूक केले की समजल्याचे सांगणे, स्वीकारल्याचे सांगणे आणि संपल्याचे सांगणे ही माणसांची कामेही त्यानेच केली, असा आपला समज झाला.

यावर उपाय भाषेतच आहे आणि तो अवघड नाही. काम सांगणाऱ्याने ते कोणी, काय आणि केव्हापर्यंत करावयाचे हे लिहावे. केवळ कळवावयाचे असेल तर ‘माहितीस्तव’ हा आयता शब्द वापरावा. वाचणाऱ्याने ‘हो’ न लिहिता ‘वाचले’ किंवा ‘मी करतो’, ‘मी करते’ असे लिहावे. मराठीत प्रथमपुरुषी क्रियापद उच्चारल्यावाचून जबाबदारी पत्करता येत नाही आणि ते न उच्चारणाऱ्यावर ती लादताही येऊ नये. हा शिष्टाचार वरिष्ठांनी प्रथम पाळावा, कारण संदिग्धतेचा लाभ आजवर त्यांनाच झाला आहे. आठजणांच्या गटात ‘यादी मी पाठवितो’ एवढी तीन शब्दांची ओळ त्या रात्री आमच्यापैकी कोणीही लिहिली असती, तर या निबंधातील एक प्रसंग कमी झाला असता आणि एका चांगल्या अध्यापिकेचे वर्ष वाचले असते.